जुन्या, हाताने घडवलेल्या सर्फबोर्डचा कारागीर आणि इतिहास कसा शोधावा

जुना सर्फबोर्ड विकत घेतला की पहिली नजर त्यावरच्या मोठ्या रंगीत लोगोवर जाते आणि तिथेच बहुतेकांचा शोध चुकीच्या वाटेला लागतो. लोगो हे कारखान्याचे किंवा दुकानाचे नाव असते. बोर्डाचा गाभा असलेल्या फोमला आकार देणारा कारागीर, ज्याला या व्यवसायात शेपर म्हणतात, तो अनेकदा वेगळाच असतो. मोठ्या कारखान्यांत मजुरीवर काम करणाऱ्या शेपरांनी घडवलेले कितीतरी बोर्ड मालकाच्या नावाने विकले गेले आहेत. म्हणून शोधाची सुरुवात पेन्सिलीच्या अक्षरांपासून करावी आणि लोगोकडे नंतर वळावे.

फोम तासून झाल्यावर, त्यावर फायबरग्लासचे (काचेच्या तंतूंचे) कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, चढण्याआधी, शेपर बोर्डाच्या मधोमध असलेल्या लाकडी पट्टीशेजारी, म्हणजे स्ट्रिंगरच्या कडेला, पेन्सिलीने मापे लिहितो आणि सही करतो. ही अक्षरे काचेच्या थराखाली कायमची बंद होतात, त्यामुळे नंतरच्या कोणत्याही मालकाला ती सहजी बदलता येत नाहीत. ती बहुधा खालच्या बाजूला, शेपटीकडच्या भागात सापडतात. पण वरची बाजू आणि नाकाजवळचा भागही तपासावा.

त्यासाठी आधी पाय घसरू नये म्हणून लावलेले जुने मेण काढावे. बोर्ड काही मिनिटे कोवळ्या उन्हात ठेवला की मेण मऊ पडते; मग प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून मऊ कापडाने पुसून घ्यावे. बंद मोटारीत किंवा कडक उन्हात बोर्ड तापू देऊ नये, कारण उष्णतेने फायबरग्लास फोमपासून सुटून फुगे येतात. पृष्ठभाग ओरखड्यांनी धुरकट झाला असेल तर त्यावर पाणी पसरावे. पाणी ओरखड्यांत भरते, थर तेवढ्यापुरता पारदर्शक होतो आणि आधी न दिसलेली अक्षरे वर येतात. टॉर्च तिरपा धरून छायाचित्र काढावे आणि फोनवर त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावे. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून सँडपेपर मात्र कधीही लावू नये. त्याने पुरावाच नाहीसा होण्याचा धोका असतो.

तिथे काय वाचायला मिळते? लांबी फूट-इंचांत, मग रुंदी आणि जाडी इंचांत: उदाहरणार्थ ६ फूट २ इंच, सव्वाएकोणीस, सव्वादोन. त्यापुढे आद्याक्षरे किंवा सही, एखादा क्रमांक, आणि बोर्ड मागणीवरून घडवला असेल तर ग्राहकाचे नाव. क्रमांकावरून लगेच वर्ष काढायला जाऊ नये. कुणी शेपर कारकिर्दीच्या पहिल्या बोर्डापासून सलग मोजतो, तर कुठे कारखान्याची स्वतःची मालिका असते. त्या आकड्याचा अर्थ त्या कारागिराकडून किंवा त्याच्या कारखान्याकडूनच कळतो.

आता काळ ठरवावा. बोर्डाबरोबरच बसवलेला सर्वांत अलीकडच्या पद्धतीचा भाग सापडला की त्याआधीचा काळ बाद होतो. सिडनीचे सर्फर आणि शेपर सायमन अँडरसन यांनी १९८१ मध्ये मोठ्या स्पर्धा जिंकून तीन फिनची, म्हणजे शेपटीखालच्या तीन परांची, रचना जगभर रुजवली, त्यामुळे जवळजवळ सारख्या आकाराच्या तीन फिन असलेला बोर्ड साधारणपणे त्यानंतरचा समजावा. ऑस्ट्रेलियाचे सर्फर मार्क रिचर्ड्स यांनी १९७९ ते १९८२ अशी सलग ४ विश्वविजेतेपदे मिळवली, तो काळ दोन फिनच्या बोर्डांचा होता. पाय बोर्डाला बांधणारी दोरी, म्हणजे लीश, १९७० च्या दशकात रुळली. पण तिच्यासाठीचे भोक जुन्या बोर्डाला नंतरही पाडता येते, तेव्हा भोकाभोवतीचे रेझिन मूळ थराशी एकजीव आहे की वेगळ्या रंगाचे आहे, ते निरखून पाहावे. १९६७-६८ पर्यंत बोर्ड बहुधा ९ फुटांहून लांब असत. लांब बोर्डांची चाल पुढे परत आली असल्याने केवळ लांबीवर विसंबू नये. त्याच्या जोडीला वजन आणि काचेच्या कापडाची छटा पाहावी. १९६० च्या दशकातल्या अनेक बोर्डांवर व्होलान नावाचे कापड असे आणि त्याची हिरवट झाक कडांवर, जिथे थर दुहेरी होतो, तिथे चटकन ओळखू येते.

फोमवरून कारागीर ओळखता येत नाही. ५ डिसेंबर २००५ रोजी बंद पडेपर्यंत कॅलिफोर्नियातील क्लार्क फोम ही एकच कंपनी अमेरिकेतल्या बहुतांश शेपरांना तासण्यासाठी फोमचे कच्चे ठोकळे पुरवत होती.

लोगोकडे येताना तो काचेच्या थराखाली आहे की वर चिकटवलेला आहे, हे बोट फिरवून तपासावे. पातळ कागदावर छापलेला, रेझिनमध्ये बुडालेला लोगो बोर्ड घडतानाच बसलेला असतो. वरचे स्टिकर कुणीही कधीही लावलेले असू शकते. लोगो थराखाली असूनही त्याच्याभोवती ताज्या रेझिनचा ठिगळासारखा चौकोन दिसला तर मात्र सावध व्हावे, कारण नामांकित जुन्या बोर्डांना चांगली किंमत येते आणि नकली लोगो बसवण्याचे प्रकार घडतात.

एवढी माहिती हाती आल्यावर माणसांकडे जावे. ज्या गावात बोर्ड मिळाला तिथला बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा माणूस, कारण स्थानिक शेपरांचे हात तो त्यांच्या कडांच्या गोलाईवरून ओळखतो. कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटे येथील सर्फिंग हेरिटेज अँड कल्चर सेंटर, ऑस्ट्रेलियात टॉर्की येथील राष्ट्रीय सर्फिंग संग्रहालय आणि ब्रिटनमध्ये ब्राँटन येथील संग्रहालय यांच्याकडे विचारणा करता येते. गोव्यात एखाद्या परदेशी पाहुण्याने मागे ठेवलेला बोर्ड हाती लागला असेल तर लोगोवरून आधी देश ठरवावा आणि मग त्या देशातल्या जाणकारांना लिहावे.

शेपर हयात असेल आणि त्याचा पत्ता लागला तर पत्र थोडक्यात आणि आदराने लिहावे. सोबत दोन्ही बाजूंची पूर्ण छायाचित्रे, फिन, शेपूट, लोगो आणि पेन्सिलीची अक्षरे जवळून दाखवणारी छायाचित्रे जोडावीत. “हा बोर्ड किती किमतीचा आहे?” हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारू नये. ही सही तुमचीच का, हा क्रमांक कोणत्या मालिकेतला, आणि काच चढवण्याचे काम कुठे झाले, असे नेमके प्रश्न विचारले की उत्तर देणे सोपे जाते.

विकणाऱ्यालाही त्याने बोर्ड कुठून घेतला ते विचारून मालकांची साखळी मागे न्यावी. फोमवर ग्राहकाचे नाव सापडले तर ते इंटरनेटवर जाहीर न करता शेपरमार्फतच त्या माणसापर्यंत निरोप पोहोचवावा. बोर्ड कधीकाळी चोरीला गेलेला असण्याचीही शक्यता असते. मिळालेली प्रत्येक माहिती कुणी सांगितली आणि कधी, हे तारखेसह वहीत लिहावे, खात्रीची बाब आणि अंदाज वेगवेगळे ठेवावेत, आणि बोर्ड पुढे विकताना त्या नोंदींची प्रत नव्या मालकाच्या हवाली करावी.