लाइट गेली तरी सोलर चालावा म्हणून: आधी रात्रीचा हिशेब करा

मी दापोलीकडचा वायरमन. छपरावर पॅनेल, दुपारचं लख्ख ऊन, तरी लाइट गेली की घर बंद. "असं कसं?" हे गिऱ्हाइकाचं नेहमीचं. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनच्या आधारावर चालणारा, इन्व्हर्टर लाइन गेल्यावर मुद्दामच बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून शॉक बसेल. बॅटरी लावायची असेल तर सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा.

नुसतं बिल कमी करायचंय? मग बॅटरी नको. नेट मीटरवर जादा युनिट जमा होऊन वापरातून वळते होतात. सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांचं अनुदानही तीन किलोवॉट पॅनेलचं, बॅटरीचं नव्हे. बॅटरी घ्यायची ती अंधारासाठी. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इथल्या वाड्या कित्येक दिवस लाइटविना होत्या, हे कोण विसरेल?

आता वही घ्या. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा, 30 वॉटचा. चार पंखे दहा तास म्हणजे 1.2 युनिट. फ्रिजला रात्रीपुरतं साधारण 0.6. दिवे, टीव्ही, वायफाय मिळून आणखी 0.6. झाले 2.4 युनिट. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत पाच युनिट मावतात, त्यातले चार वापरायचे धरा. रात्र निघून वर शिल्लक राहते. पंखे जुने 75 वॉटचे असतील तर त्यांनाच तीन युनिट लागतात, म्हणून दुसऱ्या बॅटरीआधी पंखे बदला.

एवढ्या वस्तूंसाठी वेगळी डीबी, म्हणजे स्विचांची वेगळी पेटी, काढा. गिझर, इस्त्री, विहिरीचा पंप तिच्यावर अजिबात नको. पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

केबलच्या टोकाला जीव लावा. तीन किलोवॉटच्या लोडला बॅटरीकडून साठएक अँपिअर येतात. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, पक्कडीने दाबून भागवू देऊ नका, क्रिंपिंग टूलनेच दाबायला लावा. मग धरून ओढा, जरासुद्धा हलता कामा नये. ढिली लग तापते, काळी पडते आणि इन्सुलेशन वितळतं. बॅटरीजवळच डीसी फ्यूज हवा.

जागा घरातली, हवेशीर. पावसाची झड येणारी पडवी नको.

मे संपताना सेटिंगमध्ये राखीव चार्ज, म्हणजे लाइट असताना बॅटरी ज्याच्या खाली उतरू द्यायची नाही ती पातळी, 30 वरून 80 टक्क्यांवर न्या. पावसाळी ढगांत पॅनेल फार देत नाहीत आणि लाइट सांगून जात नाही.

पैसे चुकते करण्याआधी, रात्री, फ्रिज-पंखे चालू ठेवून वायरमनसमोरच मेन स्विच पाडून बघा.