बांधावर करवंद लावायचं असेल तर बी आत्ताच धरा

मे सरत आला की कसारा लोकलमधून आसनगाव, आटगाव, खर्डीकडच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन ठाण्यात उतरतात. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणत पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं भरून देतात. मृगाचे दोन दणके बसले की ही पाटी दिसेनाशी होते. पाणी प्यालेलं करवंद पचपचीत होतं, दुसऱ्या दिवशी आंबतं. खाण्याचा हंगाम संपत असतो तेव्हाच लावण्याचा सुरू होतो. दोन्हींच्या मधे जेमतेम पंधरा दिवस मिळतात, आणि सगळं काम त्या पंधरा दिवसांचं आहे.

हे सांगण्याची घाई कशासाठी? शहापूर, मुरबाड, अंबरनाथ भागात भात निघालं की वाल, हरभरा, भाजीपाला लावायचा आणि गुरांपासून तो राखायला काट्यांची वई घालायची, ही रीत आहे. त्या काट्या येतात कुठून? बोर, खैर, आणि सगळ्यात जास्त करवंदाच्या जाळ्या तोडून. वाळलेली वई वर्षभरात वाळवी खाते, पुढच्या वर्षी पुन्हा कोयता. करवंदाला फूल येतं ते फांदीच्या शेंड्याला. दरवर्षी शेंडे तोडलेली जाळी हिरवी दिसते, पण फळत नाही. एकदा जिवंत कुंपण उभं राहिलं की ही तोड थांबते आणि वरून फळही मिळतं. माझ्या मते वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीच्या बांधासाठी याहून चांगलं झुडूप आपल्याकडे नाही.

करवंद कण्हेरीच्या, देवचाफ्याच्या, सदाफुलीच्या कुळातलं. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास. पान तोडलं की पांढरा चीक येतो ती या कुळाची एक खूण. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, बारा महिने हिरवी. पेरापेरावर काट्यांची जोडी, आणि पुष्कळदा एकेका काट्याला पुन्हा दोन टोकं फुटलेली. काटा आणि चीक दोन्ही असल्याने शेळीसुद्धा कोवळ्या शेंड्यापलीकडे फारशी जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाईसारखी पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं येतात. तेव्हा जाळीजवळून गेलात तर वास आधी येतो, झाड मागून दिसतं. फळ आधी हिरवं, मग लालसर, मग काळं. फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ न खेळलेलं मूल आपल्याकडे सापडायचं नाही.

आता बियाण्याचं. जी जाळी दरवर्षी भरून फळते, जिची फळं टपोरी आणि गोड आहेत, तीच निवडा. पूर्ण काळी, हाताला मऊ लागणारी फळं घ्या. फळ चिमटीत दाबलं की गरासकट चपट्या, तपकिरी बिया बाहेर येतात, साधारण तीन-चार. त्या बुळबुळीत असतात, नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. मूठभर राख घेऊन तळहातावर चोळा, मग धुवा. पाण्यात तरंगणारं बी टाकून द्या, बुडालेलं ठेवा. सावलीत सुपात एक-दोन दिवस सुकवा आणि आठवड्याच्या आत पेरा.

हा आठवडा खरंच महत्त्वाचा आहे. मी पहिल्यांदा धुतलेलं बी बरणीत भरून पुढच्या जूनसाठी जपून ठेवलं होतं. शंभरावर पिशव्या भरल्या, एकही कोंब आला नाही. करवंदाचं बी टिकत नाही, एवढं माहीत नसल्याने अख्खं वर्ष गेलं.

पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत घाला, तळाला भोकं पाडा. बी नखभर खोल टोचा, त्याहून खाली नको. पिशव्या आंब्याच्या किंवा फणसाच्या अर्ध्या सावलीत ठेवा, म्हणजे जुलैची सर थेट बसून माती उडणार नाही. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. वाढ सावकाश असते, म्हणून रोप वर्षभर पिशवीतच राहू द्या आणि पुढच्या जूनमध्ये बांधावर न्या. कुंपणासाठी दोन ते तीन फुटांवर एक रोप, शक्य असेल तर दोन ओळी, एकीच्या फटीसमोर दुसरीचं रोप येईल अशा. तिसऱ्या वर्षापासून फळ धरायला लागतं.

बियांपासूनची रोपं एकसारखी निघत नाहीत, फळाचा आकार आणि चव बदलते. कुंपणाला त्याने बिघडत नाही. विक्रीसाठी लागवड करायची असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची टपोऱ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही जात पाहा आणि कलमंच लावा. डोंगरातली जाळी उपटून आणण्याचा विचार मात्र करू नका. मूळ खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि झाड मरतं. ठाण्याजवळच्या येऊरला तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीही आणणं गुन्हा आहे.

खारघर, बेलापूर, घणसोलीत सोसायटीच्या भिंतीलगत लावणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: करवंद खडकाळ, मुरमाड, थोडी खारट जमीनही सोसतं, पण साचलेलं पाणी सोसत नाही. भरावाच्या जमिनीवर फूटभर उंच वरंबा करा. मुलं खेळतात तिथे लावू नका. काटा खोल जातो.

घरी कच्ची करवंदं असतील तर लोणच्याआधी ती ठेचून मिठाच्या पाण्यात टाका, चीक निघून जातो. पिकलेल्याचं सरबत किंवा जेली करणार असाल तर शिजवण्याआधी बिया काढा; एकदा उकळलेलं बी पेरायच्या कामाचं नाही. फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली सहज धरते. बेकरीच्या केकवर आणि पानात जी लाल ‘चेरी’ असते, ती बहुतेक वेळा रंगवलेलं करवंदच असतं. आयुर्वेदात याला करमर्द म्हणतात. कच्चं पित्त वाढवणारं, पिकलेलं पित्त शमवणारं मानतात. लाकूड कठीण, त्याचे कंगवे आणि चमचे करत. गुरांच्या जखमेत किडे पडले तर मूळ वाटून लावण्याची पद्धत आहे. ते बाहेरूनच लावायचं. मुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, माणसाने किंवा जनावराने ते पोटात घेऊ नये.

ज्यांच्या बांधावर आधीच जाळ्या आहेत त्यांनी फळं संपताच वाळकी लाकडं आणि आडव्या घुसलेल्या फांद्या काढाव्यात. दिवाळीनंतर शेंड्यांना हात लावू नये. राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळायची जागा) भाजायच्या आधी जाळीभोवतीचं गवत आठ-दहा फूट कापून घ्या, नाहीतर वणवा नेमका फुलाफळाच्या दिवसांत शिरतो.

पेरलेल्या पिशव्यांना सगळ्यात मोठा धोका शंखी गोगलगायीचा. ती रात्री येते आणि दोन पानांचं रोप बुंध्यापर्यंत खाते. पिशव्यांभोवती कोरड्या राखेचा पट्टा ओढा, पावसाने धुतला की पुन्हा. जुलैभर रोज रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन एक फेरी मारा आणि सापडतील त्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका.