पोर्ट लुई बंदरात शिरताना: शिडाच्या बोटीवरच्या नव्या क्रूसाठी

शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जायचं ठरवलेली मुलंमुली मला वादळाबद्दल विचारतात, बोट लागण्याबद्दल आणि रात्रीच्या पहाऱ्याबद्दलही विचारतात. बंदरात शिरण्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, नव्या माणसाला जोखतो तो तिथेच, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मॉरिशसच्या पोर्ट लुईबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इथे येणाऱ्या बऱ्याच बोटी पूर्वेकडच्या रॉड्रिग्ज बेटाहून निघतात. अंतर साडेतीनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) साधारण तीन दिवस. आग्नेयेचा वारा मागून ढकलत असतो आणि बोट सारखी डोलत असते. बेटाचं उत्तर टोक वळून पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाला आलात की डोलणं एकदम थांबतं. उसाच्या रानांवरून येणारा जमिनीचा वास लागतो, पीटर बोथ डोंगराच्या माथ्यावरचा तो प्रचंड धोंडा दिसू लागतो आणि सगळ्यांना झोप अनावर होते. नेमकं तेव्हाच डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं: बाहेर नांगरलेली जहाजं, मच्छीमारांच्या लहान होड्या. रात्री पोहोचणार असं दिसलं तर आदल्या संध्याकाळीच शीड कमी करून वेग तोडावा. अनोळखी बंदरात उजेडीच शिरावं, कितीही थकवा असला तरी.

व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर बंदराला हाक द्यायची आणि परवानगी मिळाल्यावरच आत जायचं. उजव्या बाजूच्या दोरीवर पिवळा क्यू झेंडा (तपासणी व्हायची आहे याची खूण) आणि मॉरिशसचा लाल-निळा-पिवळा-हिरवा झेंडा तयार हवा. पट्टे उलटे लागले नाहीत ना, ते पाहून घ्या.

धक्क्याला लागायच्या बऱ्याच आधी फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या फुगीर गाद्या, टांगून दोर लावून ठेवा. दोराचं एक टोक क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधायचं, मग तो कडेच्या तारांखालून बाहेर काढून वरून पुन्हा आत घ्यायचा. तारांच्या आतूनच फेकलात तर ताण पडल्यावर कठड्याचे खांब वाकतात. धक्क्यावर उडी मारू नका, बोट टेकली की पाऊल टाकून उतरा. आणि बोट व धक्का यांच्यामध्ये हातपाय कधीही घालू नका. काही टनांची बोट हाताने थोपवता येत नाही.

पोर्ट लुईला कस्टमच्या धक्क्यावर आरोग्य, कस्टम, इमिग्रेशन, कोस्ट गार्ड अशी सगळी तपासणी होते. ती संपेपर्यंत अधिकाऱ्यांनी सांगितल्याशिवाय बोटीवरून उतरायचं नाही. मागच्या बंदराचा निघण्याचा दाखला, क्रूची यादी आणि पासपोर्ट एका फोल्डरमध्ये ठेवा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांची इथे बारकाईने चौकशी होते. उरलेली फळं, भाज्या, मांस लपवू नका, विचारायच्या आधीच दाखवा.

बंदराच्या काठालाच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून भारतातले गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर या बेटावर उतरू लागले, त्यांत मुंबईहून जहाजात बसलेले मराठी लोकही होते. गणेश चतुर्थीला आजही इथे सार्वजनिक सुट्टी असते. बोटींचा हंगाम आणि गणपती बरेचदा एकत्र येतात, तेव्हा वेळ काढून गणपती बघायला नक्की जा.

आता भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी महत्त्वाचं. मॉरिशस पर्यटक म्हणून आपल्याला आधी व्हिसा मागत नाही, पण बोटीवरून येणाऱ्याची नोंद क्रूच्या यादीत होते. बोट सोडून विमानाने परतणार असाल तर यादीतून नाव रीतसर कमी करून घ्या आणि परतीचं तिकीट जवळ ठेवा. पुढे बोट शेजारच्या रियुनियन बेटाला आणि मग दक्षिण आफ्रिकेला जाते. रियुनियन फ्रान्सचं असलं तरी साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) तिथे आपोआप चालत नाही, आणि दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा वेगळा लागतो. युरोपीय स्किपरला हे प्रश्न कधी पडलेलेच नसतात, म्हणून बोटीवर चढायच्या आधी तुम्हीच विषय काढा. नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो. तुमच्या व्हिसासाठी बोट थांबून राहणार नाही.