मसल कार नुसती बघून तिचं साल कसं ओळखायचं

जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठं ताकदवान इंजिन बसवलेली दोन दारांची गाडी, दिसली की बहुतेक लोक आधी पट्टे, रंग आणि बॉनेटवरचा स्कूप (हवा आत घेणारा उंचवटा) बघतात आणि तिथंच चुकतात, कारण पट्टे काय कुणीही मारून घेतं आणि स्कूप विकत मिळतो. साल ओळखायचं असेल तर कायद्याने गाडीत जे बदल करायला लावले ते शोधा, ते सहसा खोटं बोलत नाहीत.

सगळ्यात आधी साइड मार्कर बघा, म्हणजे फेंडरवर कडेला असतो तो छोटा लाइट किंवा रिफ्लेक्टर. अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलपासून तो कंपल्सरी झाला, त्यामुळे नसेल तर गाडी बहुतेक ६७ ची किंवा त्याआधीची. ६७ आणि ६८ ची शेव्हरले कॅमेरो लांबून सारखीच वाटते, पण ६७ ला मार्कर नाहीत आणि पुढच्या दाराच्या काचेत ती छोटी तिकोनी व्हेंट विंडो आहे, ६८ ला मार्कर आले आणि व्हेंट विंडो गेली. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

मग कडेला उभं राहून बॉडीची लाइन बघा. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं असं मानतात, ती दिसायला अगदी सरळसोट आहे कारण त्याच कंपनीच्या टेम्पेस्ट या साध्या गाडीच्याच बॉडीत ३८९ क्युबिक इंचाचं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवलं होतं, सगळा जोर इंजिनवर. तिचे हेडलाइट शेजारी शेजारी आहेत, ६५ मध्ये एकावर एक आले. नंतर दोन-तीन वर्षांतच कंबर आत गेली आणि मागच्या चाकावर बॉडी पुन्हा फुगली, तीच कोक बॉटल स्टाइल, आणि १९६८ ची डॉज चार्जर म्हणजे माझ्या मते तिचा कळस आहे, त्यापुढे कुणी गेलंच नाही. चार्जरचं साल मागून बघा: गोल टेललाइट म्हणजे ६८, लांबट म्हणजे ६९ किंवा ७०. आता पुढे या, ग्रिलच्या मधोमध दांडी असेल तर ६९, ग्रिलभोवती पूर्ण क्रोम बंपर असेल तर ७०.

बंपर हा सगळ्यात मोठा पुरावा. १९७३ पासून पुढचा बंपर ताशी ५ मैलाच्या धडकेत लाइट वगैरे न फुटता टिकला पाहिजे असा नियम आला, पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही आला, आणि ते नाजूक क्रोमचे बंपर गेले ते गेलेच. त्याच काळात धुराचे नियम कडक झाले, इंजिनांचं कॉम्प्रेशन (आत हवा-इंधन दाबण्याचं प्रमाण) कमी केलं त्यामुळे ताकद घटली, इन्शुरन्स महाग झाला, ७३ ला तेलाचं संकट आलं. १९७४ ची फोर्ड मस्टँग टू बघा, फोर्डच्याच पिंटो या छोट्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवरून आलेली छोटी गाडी, आणि त्या वर्षी अमेरिकेत तिला व्ही८ मिळतच नव्हतं! आणि हो, ७१ आणि ७२ च्या हॉर्सपॉवरची थेट तुलना करू नका, ७२ पासून कंपन्या ग्रॉस (सुट्या इंजिनाचे) ऐवजी नेट (गाडीत बसवलेल्या इंजिनाचे) आकडे द्यायला लागल्या, म्हणून कागदावर जेवढी घसरण दिसते तेवढी सगळी खरी नाही.

ऐंशीचं दशक पटकन सांगतो, टोकदार नाक आणि मागे काचेचा हॅच (वर उघडणारं मागचं झाकण) दिसला तर १९८२ ते ९२ ची कॅमेरो किंवा फायरबर्ड.

मॉडर्न गाड्या ओळखायला खिडकी बघा. २००५ ची मस्टँग, २००८ ची डॉज चॅलेंजर, २०१० ची कॅमेरो, तिघींनी जुना चेहरा परत आणला, पण दारं उंच, काच अरुंद, चाकं १६-२० इंचांची, जुन्यांची १४-१५ ची असायची. चॅलेंजर मला यातली सगळ्यात प्रामाणिक वाटते. २०२३ च्या शेवटी ती आणि कॅमेरो दोन्ही बंद झाल्या, मस्टँग अजून व्ही८ घेऊन चालू आहे, आणि नवी चार्जर तर आधी इलेक्ट्रिकच आली.

आता हे शिकायला जायचं कुठे? पूर्वी डेट्रॉइटचा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू, लॉस एंजेलिसचा व्हॅन नाइज बुलेव्हार्ड इथं पोरं रात्री गाड्या घेऊन फिरायची. आता अमेरिकेत १६ वर्षांच्या पोरांमध्ये लायसन काढणारे ऐंशीच्या दशकापेक्षा खूपच कमी झालेत, आणि ज्यांनी या गाड्या नव्या असताना चालवल्या ते सत्तरीच्या पुढे गेलेत, म्हणून म्हणतो आत्ताच जा. वुडवर्ड ड्रीम क्रूझ १९९५ पासून ऑगस्टमध्ये भरते, तिथं मालक गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेले असतात, आधी तुम्ही साल सांगा आणि मग त्यांना विचारा, बरोबर आलं तर ते स्वतःच बॉनेट उघडतात. हात मात्र विचारल्याशिवाय लावायचा नाही. ६९ पासूनची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या बाजूला डॅशवर व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) काचेतून दिसतो, आणि ७० किंवा ७१ च्या डॉज किंवा प्लिमथमध्ये त्याचं पाचवं अक्षर आर असेल तर गाडी फॅक्टरीतून ४२६ हेमी (४२६ क्युबिक इंचाचं ताकदवान व्ही८) घेऊन निघालीय, मग बाकी सगळं सोडा आणि मालकाला तेच इंजिन अजून आहे का ते विचारा.