‘पेक्षा’चं इंग्रजी करताना

मराठीत ‘पेक्षा’ लावलं की काम झालं. विशेषण जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र ते बदलतं, आणि एकदाच. म्हणून ‘मोअर कूलर’ नको, नुसतं ‘कूलर’.

खरी गंमत पुढे आहे. ‘नाशिकची हवा जळगावपेक्षा थंड’ हे आपल्या कानाला बरोबर वाटतं. इंग्रजीत ‘द क्लायमेट ऑफ नाशिक इज कूलर दॅन जळगाव’ लिहिलंत, तर हवेची तुलना थेट गावाशी होते! ‘दॅन दॅट ऑफ जळगाव’ हवं. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथेच.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ‘हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ म्हटलं तर ती स्वतःपेक्षाही उंच ठरते. ‘एनी अदर पीक’ म्हणा. बागलाणातला साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे ‘नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई’. इथे दुसऱ्या ‘ॲज’च्या जागी ‘दॅन’ घुसवू नका.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘प्रिफर’ यांच्यापुढे ‘टू’ येतं: ‘आय प्रिफर मिसळ टू वडापाव’. नाशिककराला हे उदाहरण पाठ करावं लागणार नाही.