वळचणीचं पोर्ट्रेट: पावसात, चारचौघांत फोटो काढताना

पावसात पोर्ट्रेट काढायला बाहेर पडले की मी आधी वळचण शोधते. छप्पर जिथे संपतं आणि पाऊस जिथे सुरू होतो, ती कड. बसथांब्याची असो, पुलाखालची असो, एखाद्या इमारतीच्या सज्जाची असो. भर पावसात माणसाला उभं करून काढलेल्या फोटोंपेक्षा या कडेवर काढलेले फोटो जवळजवळ नेहमीच सरस येतात, आणि त्याचं कारण उजेडात आहे.

ढगाळ आभाळाचा उजेड मऊ असतो, पोर्ट्रेटला उत्तम, असं सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. हा उजेड मऊ असला तरी येतो मुख्यतः वरून. मोकळ्या मैदानात माणूस उभा केला की कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, आणि भुवयांखाली, खालच्या ओठाखाली सावली साचते. डोळे खोल गेलेले, थकलेले दिसतात. छपराखाली आलं की वरचा उजेड अडतो आणि समोरच्या, बाजूच्या आभाळाचा तिरपा उजेड तेवढा चेहऱ्यावर येतो. डोळ्यांत चमक येते ती यामुळे.

नेमकं कुठे उभं करायचं हे मी बुबुळांकडे बघून ठरवते. समोरच्याला कडेपासून एक पाऊल आत उभं करायचं, चेहरा बाहेरच्या बाजूला किंचित वळवायला सांगायचं आणि मग अर्धं पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे असं हलवून बघायचं. कडेच्या फार जवळ असेल तर आभाळाचं प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या टोकाला अडकतं आणि पापणीखाली अर्धं झाकलं जातं. थोडं आत सरकलं की ते खाली उतरतं आणि बाहुलीच्या बाजूला स्वच्छ पांढरा चौकोन दिसतो. तीच जागा. तिथून आणखी दोन-तीन मीटर आत गेलात तर चौकोन लहान होतो, चेहरा मळकट पडतो आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) उगाच वाढवावा लागतो. पायाखालची फरशी ओली आणि फिकट रंगाची असेल तर तीही खालून थोडा उजेड परत फेकते. हनुवटीखालची सावली हलकी होते, रिफ्लेक्टर धरायला वेगळा माणूस लागत नाही.

आता तुम्ही कुठे उभं राहायचं? बाहेर पावसात नाही. वळचणीखालीच, कडेच्या रेषेत. म्हणजे छपराची कड तुमच्यापासून त्या माणसापर्यंत आणि त्याच्याही मागे लांब गेलेली दिसेल. फ्रेमच्या एका अंगाला कोरडी भिंत, दुसऱ्या अंगाला पडणाऱ्या पागोळ्या आणि मधे माणूस. तुम्ही दोघंही कोरडे, कॅमेरा कोरडा, आणि तरी फोटोत भरपूर पाऊस. घाई नसल्यामुळे माणूस सैल उभा राहतो, हे तर सगळ्यात महत्त्वाचं.

पाऊस फोटोत दिसावा यासाठी दोनच गोष्टी लागतात: मागे काळोखं काहीतरी आणि थेंबांवर मागून किंवा बाजूने पडणारा उजेड. पांढऱ्या आभाळासमोर मुसळधार पाऊसही दिसत नाही. गर्द झाड, दगडी भिंत, पुलाचा काळा खांब, बोगद्याचं तोंड असं काही मागे आलं की त्याच पावसाच्या रेघा उठून दिसतात. मी कधी कधी फक्त गुडघ्यात वाकते किंवा दोन पायऱ्या वर चढते, तेवढ्याने मागचं आभाळ फ्रेमबाहेर जातं. संध्याकाळी दिवे लागल्यावर हे आणखी सोपं होतं. माणसाच्या मागे रस्त्यावरचा दिवा येईल असं उभं राहा, दिवा त्याच्या डोक्याआड लपवा. दिव्याभोवतीचे थेंब आपोआप चमकतात आणि केसांना उजेडाची कड मिळते.

रेघ किती लांब हवी ते शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर ठरतं. जोरदार सरीतला मोठा थेंब खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे १/६० सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटरची रेघ, १/२५० ला साडेतीन सेंटिमीटरची, आणि १/१००० ला एका सेंटिमीटरहून कमी, जवळजवळ ठिपकाच. भुरभुर पावसाचे थेंब बारीक आणि संथ असतात, सेकंदाला २ मीटर किंवा त्याहून थोडे कमी-जास्त, त्यामुळे तिथे १/६० लाही रेघ छोटीच उमटते. छपरावरून नुकत्याच सुटलेल्या पागोळीलाही वेग यायचा असतो. एक मीटर खाली येईपर्यंत ती सेकंदाला जेमतेम साडेचार मीटरवर पोचते. म्हणून चेहऱ्याशेजारच्या पागोळ्यांसाठी मला १/१२५ आवडतो. धारही दिसते आणि माणसाने पापणी हलवली तरी चेहरा बिघडत नाही. थेंब गोठलेले हवे असतील तर १/१००० वर जा, पण मग उजेड भरपूर हवा.

बाकी सेटिंगचा फार बाऊ करू नका. ८५ मिमी लेन्स असेल तर लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ/२ ते एफ/२.८, आयएसओ ४०० पासून १६०० पर्यंत गरजेप्रमाणे. आयएसओ वाढवल्याने फोटोत दाणे थोडे आले तर येऊ द्या, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. जागा अरुंद असेल तर ५० मिमी घ्या. त्याहून रुंद लेन्स जवळून वापरली की नाक मोठं दिसतं. एक्स्पोजर चेहऱ्यावरून मोजा. मागे काळी भिंत असली की कॅमेरा फोटो फार उजळ करतो, मागे उघडं आभाळ असलं की चेहरा काळवंडतो. मागे आभाळ असताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) पाऊण ते एक स्टॉप वर घ्या; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ढगाळवर, म्हणजे सुमारे ६००० केल्विनवर ठेवला की त्वचेचा निळसरपणा जातो. फोकस डोळ्यावर, एकाच बिंदूवर. सगळ्या फ्रेमभर फोकस शोधायची मोकळीक दिलीत तर कॅमेरा हमखास पुढच्या थेंबाला धरतो. काचेआडून फोटो काढताना तर मी ऑटोफोकस बंदच करते.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पावसात नको. लेन्सजवळचे थेंब त्यात पांढरे गोळे होऊन चेहऱ्यावर येतात. फ्लॅश वापरायचाच असेल तर सुट्टा घ्या, पारदर्शक पिशवीत गुंडाळा, माणसाच्या पाठीमागे कॅमेऱ्याकडे तोंड करून लपवा आणि ताकद १/३२ पासून वाढवत न्या.

छत्रीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पावसातल्या पोर्ट्रेटमध्ये छत्री सगळ्यांनाच हवी असते आणि चेहरा बिघडवतेही तीच. काळी छत्री वरचा उजेड अडवते, म्हणजे ती स्वतःच एक छोटी वळचण आहे. मोकळ्यावर फोटो काढावाच लागला तर काळी छत्री थोडी मागे कलवून धरायला सांगा, समोरचं आभाळ चेहऱ्यावर येतं. पारदर्शक किंवा पांढरी छत्री उजेड आत सोडते, चेहरा उजळ राहतो, आणि पारदर्शक छत्रीवरचे थेंब मागून उजेड असेल तर सुंदर दिसतात. रंगीत छत्री दुरून छान दिसते, पण तिच्यातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. लाल छत्रीखाली गाल निदान गुलाबी होतात, हिरव्या आणि निळ्या छत्रीखाली माणूस आजारी दिसतो, आणि ते नंतर संगणकावर नीट निघत नाही. रंगीत छत्रीच हवी असेल तर ती खांद्यावर टेकवून मागे जाऊ द्या, डोक्यावर नको. दाट पानांखालीही हीच गत होते, गोऱ्या-सावळ्या दोन्ही त्वचांवर हिरवट झाक चढते.

भिजलेला माणूस हवा असेल तर क्रम पाळा. आधी सगळे कोरडे फोटो, शेवटी भिजण्याचे. उलटं करता येत नाही. भिजल्यावर आठ-दहा मिनिटांत अंगावर काटा येतो, खांदे वर चढतात, ओठांचा रंग उतरतो आणि चेहऱ्यावर फक्त थंडी दिसते. मी टॉवेल आणि कोरडा शर्ट आधीच मागून घेते आणि ते आणल्याशिवाय भिजायला सांगत नाही. कपड्यांबद्दल बाहेर पडण्याआधीच बोला. पांढरं आणि फिकट सुती कापड ओलं झालं की पारदर्शक होतं. समोरच्याच्या ते लक्षात आलेलं नसेल तर सांगणं तुमचं काम, फोटो काढत राहणं नव्हे.

सार्वजनिक जागेचं एक वेगळेपण पावसात ठळक होतं. ज्या वळचणीला तुम्ही फोटो काढताय, तिथे आणखी दहा माणसं पाऊस थांबायची वाट बघत उभी असतात. ती तिथून हलू शकत नाहीत. एरवी कॅमेरा नको असलेला माणूस दोन पावलं बाजूला जातो, इथे बाजूला म्हणजे पावसात. म्हणून मी कॅमेरा बाहेर काढण्याआधीच सांगते: आम्ही इथे पाचेक मिनिटं फोटो काढतोय, तुम्ही मागे दिसलात तर चालेल का? कोणी नको म्हणालं की दिशा बदलायची, वाद घालायचा नाही. अनोळखी चेहराच मुख्य विषय असेल तर स्पष्ट परवानगी घ्या, मूल असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची. काढलेला फोटो तिथेच दाखवा, आणि पुसून टाका म्हणाले तर समोरच पुसा.

तिवई (ट्रायपॉड) मी पावसात सहसा नेत नाही. आडोशाची वाट आधीच अरुंद असते, ओल्या फरशीवर तिच्या पायात कोणी अडकलं तर पडणारच. शिवाय तिवई दिसली की बऱ्याच ठिकाणी परवाना विचारतात. रेल्वे स्थानकं, विमानतळ, मेट्रो, सरकारी इमारती, मॉल यांचे नियम देशागणिक आणि जागेगणिक वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या.

विजा चमकत असतील तर काम थांबवा. चमक आणि गडगडाट यांच्यात ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली नको, उघड्या बसथांब्यातही नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. साचलेल्या पाण्यात प्रतिबिंब कितीही छान दिसलं तरी तळ दिसत नसेल तर त्यात पाय घालू नका, कोणाला घालायला सांगूही नका.

फोनवर काढत असाल तर ओल्या स्क्रीनवर बोट नीट चालत नाही, आवाजाच्या बटणाने फोटो टिपा. पोर्ट्रेट मोड पागोळ्या, ओल्या बटा आणि छत्रीच्या काड्या चुकीच्या कापतो. तो बंद करून माणसाला भिंतीपासून दूर आणा आणि दोन पट झूमवर घ्या. फोन जलरोधक असला तरी चार्जिंगची खाच पूर्ण वाळेपर्यंत वायर लावू नका.

कॅमेऱ्यासाठी पारदर्शक पिशवी, तिला लेन्सएवढं भोक आणि रबरबँड एवढंही पुरतं. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची कडा, नेहमी लावलेला. समोरच्या काचेवरचा एक थेंब फोटोभर धूसर डाग पाडतो, म्हणून मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवा, एक ओलं होणारच. लेन्स बदलायची असेल तर पूर्ण आत जाऊनच. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत आलात की काच धुरकटते. कॅमेरा बंद बॅगेतच २० ते ३० मिनिटं राहू द्या, पुसत बसू नका.

परत आल्यावर आधी बाहेरून टिपून घ्या, मग बॅटरी आणि कार्ड काढा, सगळी झाकणं उघडी ठेवून वाऱ्यावर वाळवा. हेअर ड्रायर नको, गरम हवा पाणी आत ढकलते. ओल्या बॅगेत लेन्स रात्रभर ठेवू नका, बुरशी काचेच्या आत धरली की साधं पुसून जात नाही. पूर्ण वाळल्यावर सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान.