नवा कॅटॅलिस्ट सापडला? आधी ब्लँक लावा

सिंथेटिक इनऑरगॅनिकमध्ये पीएचडीला लागलात की पहिलं वर्ष श्लेंक लाइन आणि ग्लोव्हबॉक्स या हवा न लागू देता काम करायच्या उपकरणांशी झटापट करण्यात जातं. गडद जांभळं द्रावण जरा हवा लागली की डोळ्यांदेखत तपकिरी होतं. मनाला लावून घेऊ नका, हात बसतो.

मला गोत्यात आणलं ते अशुद्धीनं. कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून लोहाचं कॉम्प्लेक्स (धातूभोवती लिगंड नावाचे रेणू किंवा आयन जोडलेलं संयुग), दोन रेणू जोडणारी जोड-अभिक्रिया आणि झकास यील्ड, म्हणजे हाती आलेलं उत्पादन. मग लोहक्षाराची जुनी बाटली संपली. नवी, जास्त शुद्ध बाटली उघडली आणि अभिक्रियाच थंडावली. काम लोह करत नव्हतं, जुन्या क्षारातलं चिमूटभरही नसलेलं तांबं करत होतं! तसा इशारा बुखवाल्ड आणि बोल्म या रसायनशास्त्रज्ञांनी 2009 मध्येच फेरिक क्लोराइडबद्दल दिला होता. त्याआधी, 2003 मध्ये, एरवी पॅलेडियम लागणारी सुझुकी जोडणी (अशीच एक जोड-अभिक्रिया) त्याच्याशिवाय होते असा दावा एका गटानं केला. 2005 मध्ये त्याच गटानं फेरतपासणी केली, तर बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये 50 पीपीबीच्या (अब्जात 50 भाग) आसपास पॅलेडियम निघालं. स्वतःचाच दावा असा जाहीर तपासायला धमक लागते.

तेव्हा ब्लँक, म्हणजे एखादा घटक वगळून तीच अभिक्रिया, लावा: धातू न घालता एक, लिगंडशिवाय एक. शिवाय दुसऱ्या कंपनीचा क्षार आणि बेसही दुसरा. अतिसूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारी आयसीपी-एमएस चाचणी कराच. संशयित धातू पीपीएममध्ये (दशलक्षात काही भाग) मुद्दाम घालून यील्ड वाढतो का बघा. आणि स्टर बार (द्रावण ढवळणारी चुंबकी कांडी) कोरा घ्या! टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत पॅलेडियम दडून बसतं, अम्लराजात (तीव्र आम्लांच्या मिश्रणात) बुडवूनही पूर्ण निघेलच असं नाही. काम कॉम्प्लेक्सच करतं, त्यातून सुटलेले धातूचे नॅनोकण नाहीत, हे दाखवायला नुसता (त्या कणांना निकामी करणारा) पाऱ्याचा थेंब टाकणं ही पळवाट मला मुळीच पटत नाही. काही कॉम्प्लेक्सांशी पारा स्वतःच अभिक्रिया करतो. क्ष-किरणांनी काढलेल्या क्रिस्टल स्ट्रक्चरवरही तसंच विसंबू नका: ते त्या एका स्फटिकाचं असतं, फ्लास्कमधल्या सगळ्या मालाचं नाही.

‘ब्लँक नंतर बघू, आधी पेपर लिही’ म्हणणारा गाइड कितीही नावाजलेला असो, तिथे जाऊ नका. रॉ एनएमआर (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीचा कच्चा डेटा) मागून बघणारा खडूस गाइड परवडला.

आणि कॅटॅलिस्ट फसला म्हणून थीसिस बुडत नाही. कॉम्प्लेक्स तर खरंच बनलंय ना? त्याचं मॉसबाउअर (लोहाची अवस्था दाखवणारा वर्णपट), रेडॉक्स (इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचे गुण), चुंबकीय गुणधर्म नीट मोजा, त्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. माझं राहिलं, आणि पोस्टडॉकच्या मुलाखतीत सगळे प्रश्न त्याच प्रकरणावर आले.